गुडघ्यातलं एसीएल पूर्ण तुटलंय. लगेच ऑपरेशन करू की आधी व्यायाम?

प्रश्न थोडक्यात असा: वय 22, सांगली जिल्ह्यातल्या एका मंडळाकडून कबड्डीत चढाई करतो. पाच आठवड्यांपूर्वी सरावात बोनस घेऊन मध्यरेषेकडे वळताना उजवा पाय मॅटवर रुतला, अंग वळलं आणि गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज आला. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. एमआरआयमध्ये एसीएल (मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारी दोरी, म्हणजे लिगामेंट) पूर्ण तुटलेलं आहे, आतल्या बाजूच्या गादीत (मेनिस्कसमध्ये) ‘ग्रेड 2 सिग्नल’ आहे. एका डॉक्टरांनी पुढच्याच आठवड्याची ऑपरेशनची तारीख दिली, दुसऱ्यांनी तीन महिने व्यायाम करून बघू म्हटलं. काका हाडवैद्याकडे न्यायला निघालेत. पोलीस भरतीची तयारीही चालू आहे. काय करू, आणि मैदानात कधी उतरू शकेन?

उत्तर:

तू माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणून एकेरीत लिहिते. 26 वर्षं फिजिओथेरपी करतेय आणि त्यातली निम्म्याहून जास्त कबड्डी-खोखोच्या पोरापोरींबरोबर गेली आहेत. तुझ्या दोन्ही डॉक्टरांपैकी कुणीही तुला फसवत नाहीये, हे आधी सांगते. एकच रिपोर्ट बघून दोन शहाणी माणसं दोन टोकांचं सांगतात, कारण एसीएलवरचं संशोधनच तसं आहे.

पण ‘ऑपरेशन की व्यायाम’ हा प्रश्न जरा वाकडा पडलाय. ऑपरेशन केलंस तरी वर्षभर व्यायाम चुकत नाही; नाही केलंस तरी चुकत नाही. तू मला विचारायला हवं होतंस ते असं की, या गुडघ्याकडून पुढची आठ-दहा वर्षं मला कोणतं काम करून घ्यायचंय? सरळ धावणं, शेतात चालणं, मोटरसायकल, ड्युटी? की एका पायावर गर्रकन वळून तीन जणांच्या साखळीतून निसटणं? या दोन्हींसाठी लागणारे गुडघे वेगळे.

आधी रिपोर्टबद्दल. ‘ग्रेड 2 सिग्नल’ वाचून तू घाबरलेला दिसतोस. ती गादी फाटलेली नाही. गादीच्या आत थोडा बदल दिसतोय, तो पृष्ठभागापर्यंत पोचलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुझा गुडघा पूर्ण सरळ होतोय ना? मध्येच अडकून ‘लॉक’ होत नाही ना? तसं होत असेल तर हे पुढचं सगळं बाजूला ठेव आणि याच आठवड्यात सर्जनला गाठ, कारण फाटलेली गादी सांध्यात अडकली असेल तर तिला वाट बघायला लावून चालत नाही.

एसीएलचं खरं निदान आजही हातानं होतं. लॅकमन टेस्ट नावाची तपासणी आहे. फिलाडेल्फियाच्या जॉन लॅकमन यांची ही पद्धत, त्यांचे सहकारी टॉर्ग यांनी ती 1976 मध्ये छापली. गुडघा 20-30 अंशांत वाकवून एका हातानं मांडी धरायची, दुसऱ्या हातानं नडगी पुढे ओढायची. लिगामेंट शाबूत असेल तर नडगी जराशी सरकते आणि खट्‌कन थांबते, दोरीला ताण बसावा तशी. तुटलेलं असेल तर तो थांबाच लागत नाही. भिजवलेल्या कणकेत बोट जावं तसं मऊ मऊ पुढे जात राहतं. ही तपासणी तुझ्या दोन्ही गुडघ्यांवर कुणी केली का, हे तू लिहिलेलं नाहीस. केली नसेल तर पुढच्या भेटीत करायला सांग. सूज आणि दुखणं असताना मांडीचे स्नायू आखडून धरतात आणि टेस्ट फसते. आता पाच आठवड्यांनी ती नीट होईल.

आता संशोधन. तीन अभ्यास सांगते, कारण तुझ्या दोन डॉक्टरांचं भांडण या तिघांतच दडलंय.

पहिला स्वीडनचा. 2010 मध्ये प्रसिद्ध झाला, रिचर्ड फ्रोबेल आणि सहकाऱ्यांचा. 18 ते 35 वयाच्या, नुकतंच एसीएल तुटलेल्या 121 जणांचे चिठ्ठी टाकून दोन गट केले. 62 जणांचं लवकर ऑपरेशन आणि मग व्यायाम. 59 जणांना आधी फक्त व्यायाम. गुडघा सटकत राहिला तर नंतर ऑपरेशनची मुभा. दोन वर्षांनी दुखणं, रोजचं काम, खेळ, जगण्याची प्रत या सगळ्यांत दोन्ही गट सारखेच निघाले. दुसऱ्या गटातल्या 59 पैकी 23 जणांनी तोवर ऑपरेशन करून घेतलं होतं. पाच वर्षांनी हा आकडा 30 झाला. म्हणजे जवळजवळ निम्म्यांना ऑपरेशन कधी लागलंच नाही. पाच वर्षांनंतरच्या एक्स-रेमध्ये सांध्याची झीजही दोन्ही गटांत सारखीच होती. ‘ऑपरेशन केलं नाहीस तर चाळिशीत गुडघा झिजेल’ असं तुला कुणीतरी नक्की सांगितलं असणार. दुखापत झाली तिथंच झिजेचा धोका वाढला, ऑपरेशननं तो पुसला जातो असं या अभ्यासात दिसलं नाही.

हा अभ्यास वाचून आमच्यातले काही फिजिओ इतके हुरळले की ऑपरेशनचं नाव काढलं तरी नाकं मुरडायला लागले. पण त्यात अगदी वरच्या दर्जाचे व्यावसायिक खेळाडू घेतलेलेच नव्हते, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

दुसरा नेदरलँड्सचा, 2021 चा, 167 जणांचा. रचना साधारण तीच. दोन वर्षांनी लवकर ऑपरेशन केलेल्यांचे गुडघ्याच्या प्रश्नावलीतले गुण थोडे जास्त भरले. पण तो फरक माणसाला स्वतःच्या चालण्या-फिरण्यात जाणवेल एवढा मोठा नव्हता. व्यायामाच्या गटातल्या निम्म्यांना इथंही ऑपरेशन लागलं नाही.

तिसरा ब्रिटनचा, 2022 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, 316 जणांचा. इथं उलटं झालं, ऑपरेशनचा गट स्पष्ट पुढे गेला: 18 महिन्यांनी 100 पैकी 73 गुण, तर व्यायामाच्या गटाला 64.6. व्यायामाच्या गटातल्या 41 टक्के लोकांनी पुढे ऑपरेशन करून घेतलं. मग पहिले दोन खोटे का? नाही. या तिसऱ्यात ताजी दुखापत झालेले लोक नव्हतेच. ज्यांची दुखापत जुनी आहे आणि ज्यांचा गुडघा अजून दगा देतोय, असे लोक निवडले होते. महिनोन्‌महिने सटकणारा गुडघा घेऊन आलेल्याला आणखी व्यायाम देऊन फारसं हाती लागत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

तिन्ही एकत्र ठेवले की माझं रोजचं काम त्यातून निघतं. ताज्या दुखापतीत घाई नको. आधी गुडघा शांत करा, स्नायू कमवा, मग गुडघ्यालाच विचारा. आणि दगा देणाऱ्या गुडघ्याबरोबर वर्षभर तडजोड करत बसू नका, कारण प्रत्येक सटकण्यात गादीवर घाव पडतो. गादी गेली की मग मात्र चाळिशीचं भाकीत खरं व्हायला लागतं.

एक गोष्ट मध्येच सांगते, कारण मोबाइलवर तुला ती दिसली असेल: ‘एसीएल आपोआप जुळतं’. आम्ही शिकलो तेव्हा हे वाक्य परीक्षेत लिहिलं असतं तर नापास झालो असतो. गुडघ्याच्या आतल्या बाजूचं एमसीएल बरंचसं आपसूक भरून येतं. एसीएल सांध्याच्या मधोमध, वंगणासारख्या द्रवात लोंबकळत असतं, तिथं रक्ताची गुठळी टिकत नाही आणि टोकं जुळत नाहीत, असं ठाम मत होतं. 2022 मध्ये त्याच स्वीडिश अभ्यासाचे एमआरआय पुन्हा तपासले गेले, आणि फक्त व्यायाम केलेल्या 30 जणांपैकी 16 जणांचं एसीएल दोन वर्षांनी पुन्हा सलग दिसत होतं. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियातून 80 जणांचा अहवाल आला. त्यांचा गुडघा ब्रेसमध्ये 90 अंशांत चार आठवडे वाकवून ठेवला, मग हळूहळू मोकळा केला. तीन महिन्यांनी 90 टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये जुळण्याची चिन्हं होती. वाचून माझे डोळे विस्फारले होते, खोटं कशाला बोलू. पण त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता, काहींना पायात गुठळ्या झाल्या, 11 जणांचं पुन्हा तुटलं. शिवाय हा उपाय दुखापतीनंतर पहिल्या काही आठवड्यांतच सुरू करायचा असतो. पाच आठवड्यांनी, घरी, यूट्यूब बघून पाय वाकवून बांधून ठेवू नकोस.

काकांना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग की, हाडवैद्यावर माझा राग नाही. निखळलेला खांदा बसवणारी जुनी माणसं मी पाहिली आहेत. पण आत रक्त साचलेला गुडघा तेल लावून रगडायचा, ओढून ‘बसवायचा’, यात बसवण्यासारखं काही नसतंच. काही निखळलेलं नाहीये, तुटलेलं आहे. दुखापतीनंतर दोन-चार तासांत टम्म फुगलेला गुडघा म्हणजे बहुधा आत रक्तस्राव. असे रगडून आलेले गुडघे मी पाहिले आहेत: कडक, गरम, 60 अंशांपुढे न वाकणारे. त्यांची सुरुवात तुझ्यापेक्षा दोन महिने मागून होते.

आता पुढच्या आठवड्याच्या तारखेचं. सर्जनना नम्रपणे सांग की, मला पाच-सहा आठवडे तयारीला द्या. चांगला सर्जन हसून हो म्हणेल. सुजलेल्या, नीट सरळ न होणाऱ्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं की तो नंतर आखडायची भीती जास्त. आणि मांडीचा पुढचा स्नायू ऑपरेशनआधी जितका तगडा, तितकं नंतरचं काम सोपं. नॉर्वेत ताज्या एसीएलवाल्या 100 जणांना पाच आठवड्यांचा चढता व्यायाम देऊन पाहिला होता, ताकद आणि गुडघ्याचं काम दोन्ही सुधारलं. एवढ्यात बऱ्याच जणांचं ऑपरेशनबद्दलचं मतही बदलतं. कधी हो वरून नाहीकडे, कधी उलट.

या पाच-सहा आठवड्यांत तीनच गोष्टी मिळवायच्या.

एक, गुडघा दुसऱ्या पायाइतका सरळ. पलंगावर उपडं झोप, दोन्ही गुडघ्यांखालचा भाग कडेबाहेर लोंबू दे. कुणाला तरी मागून बघायला सांग: उजवी टाच डावीपेक्षा किती वर राहते? साधारण एक सेंटिमीटर म्हणजे एक अंश कमी, असा ढोबळ हिशोब आहे. रोज दहा-दहा मिनिटं तीनदा टाचेखाली उशी ठेवून, गुडघ्याखाली काहीही न ठेवता, पाय सोडून द्यायचा. आमच्याकडे आया प्रेमानं गुडघ्याखाली उशी देतात, ‘बरं वाटतंय ना’ म्हणून. बरं वाटतंच. पण पाय तिथंच वाकडा राहतो आणि मग लंगडणं सुटत नाही.

दोन, सूज. वाटीच्या आतल्या बाजूला, खाली खोलगट जागा असते, ती सुजेत भरून जाते. तळहातानं तिथून वर मांडीकडे दोन-तीनदा पुसत ने, मग वाटीच्या बाहेरच्या बाजूनं वरून खाली एकदा पूस. आतल्या खळग्यात हळूच लाटेसारखा फुगवटा येतो का बघ. येत असेल तर आत पाणी आहे. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी हा फुगवटा वाढला तर काल जास्त केलंस. ही मोजपट्टी कुठल्याही मशीनपेक्षा प्रामाणिक आहे.

तीन, मांडीचा पुढचा स्नायू. इथं जरा थांबते, कारण सगळा खेळ इथं बिघडतो. सांध्याला दुखापत झाली, आत पाणी साचलं की मेंदू त्या स्नायूला आपणहून आवरतं घ्यायला लावतो. परवाच एक कोपरारक्षक आला होता, डाव्या मांडीनं लेग प्रेसवर माझ्या वजनाच्या दुप्पट उचलणारा. उजव्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली, म्हटलं दाब. पोरगा घामाघूम, दात-ओठ खातोय, आणि मांडीवर नुसती थरथर. वाटी जागची हललीसुद्धा नाही. ‘मॅडम, दाबतोय की!’ तो खरंच दाबत होता, पण मेंदूचा निरोप मांडीपर्यंत पोचत नव्हता. मग विजेचे झटके देणारं यंत्र लावलं, त्याबरोबर दाबायला लावलं, आठवडाभरात वाटी वर सरकायला लागली. त्या यंत्राला पुरावा आहे. बाकी लाल दिवा, शेक, अल्ट्रासाउंडचं जेल लावून दहा मिनिटं फिरवणं, यानं बिल वाढतं, मांडी वाढत नाही. माझ्याच व्यवसायातले लोक रागावतील, रागावोत. गुडघ्यात द्यायच्या प्लेटलेटच्या महागड्या इंजेक्शननं पूर्ण तुटलेलं एसीएल जुळतं असाही भरवशाचा पुरावा नाही.

पाय सरळ ठेवून उचलताना गुडघा जराही न वाकता उचलता आला की सायकल, भिंतीला टेकून अर्धी बैठक, पायरी चढणं-उतरणं, लेग प्रेस. सुजेला विचारत विचारत वजन वाढव. जिमवाल्या मित्राला नको विचारू.

सहा आठवड्यांनी निर्णय. तुझ्या जागी माझा मुलगा असता तर मी काय म्हटलं असतं ते सांगते.

कबड्डी सोडून भरतीच करायची असेल, तर मी लगेच ऑपरेशन केलं नसतं. भरतीच्या मैदानात 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक आहे, तिन्ही कामं जवळजवळ सरळ रेषेतली. एसीएलचं मुख्य काम नडगीला पुढे सरकू न देणं आणि वळताना सावरणं. मांडी तगडी असलेली कितीतरी माणसं त्याच्याशिवाय सरळ धावतात. तीन महिने चोख व्यायाम करून तू धावू शकशील अशी माझी अटकळ आहे. फक्त 100 मीटरची रेषा ओलांडल्यावर कचकन थांबायचं नाही, पुढे तीस-चाळीस मीटर जाऊ द्यायचं, कारण गुडघा वेगापेक्षा ब्रेकला जास्त सटकतो. गोळा उभ्यानं टाकायचा, गिरकी नाही. आणि रोजच्या चालण्या-उतरण्यात गुडघा दुसऱ्यांदा सटकला, तर त्या दिवशी हा मार्ग संपला समज आणि सर्जनकडे जा.

चढाईच करायची असेल तर माझं मत ऑपरेशनच्या बाजूनं आहे. तू 22 चा, पायावर वळून खेळणारा, आणि समोरचे सात जण नेमका तुझा घोटा आणि मांडी धरायला बसलेले. एसीएलविना वरच्या दर्जाला खेळणारे अपवाद जगात आहेत, पण त्यांच्या भरवशावर मी तुला मॅटवर सोडणार नाही.

तेव्हा सर्जनशी दोन गोष्टी बोल. पहिली, नवीन दोरी कुठून घेणार. मांडीच्या मागच्या शिरा घेतल्या तर काही महिने पाय मागे ओढण्याची ताकद कमी राहते. वाटीखालच्या पट्ट्यातून घेतली तर गुडघे टेकून बसताना पुढे दुखू शकतं. तू कोपऱ्यातला पकडवाला असतास तर याचा जास्त विचार केला असता. आपल्याकडे पोटरीच्या बाहेरून घोट्याकडे जाणारी शीरही वापरतात, मांडी घालून आणि उकिडवं बसणाऱ्यांना ती सोयीची म्हणून. पण घोट्यावर जगणाऱ्या चढाईपटूला ती देण्याआधी मी दोनदा विचार करेन. दुसरी, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जादा आधाराचा टाका घालायचा का. कॅनडातून चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात, 25 वर्षांपर्यंतच्या 618 जणांमध्ये, मांडीच्या शिरेबरोबर हा आधार दिला तेव्हा नवीन दोरी तुटण्याचं प्रमाण दोन वर्षांत 11 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आलं. तुझ्या वयाला आणि खेळाला हे लागू पडतं, म्हणून विचार. शेवटी हात त्यांचे आहेत. ते रोज जे करतात ते चांगलं करतात, हेही लक्षात ठेव.

आता ‘मैदानात कधी’. इथं माझी स्वतःची एक चूक सांगते.

सुमारे अठरा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक कॉलेजची मुलगी होती, चढाईत वीज. ऑपरेशन झालेलं, व्यायामाला एक दिवस खाडा नाही. तेव्हा सगळेच ‘सहा महिने’ म्हणायचे, मीही म्हणायचे. सहा महिने भरले, दुखत नव्हतं, सूज नव्हती, विद्यापीठाच्या स्पर्धा तोंडावर होत्या. मांडीला टेप लावली तर उजवी दोन सेंटिमीटर बारीक होती. मी ती टेप गुंडाळून खिशात ठेवली आणि म्हटलं, ‘खेळ’. तिसऱ्या सामन्यात, कुणी हात लावलेला नसताना, वळताना तेच गेलं. तिनं मला फोन केला नाही, तिच्या वडिलांनी केला. ते ओरडलेही नाहीत. ‘मॅडम, तुम्ही म्हणाला होता,’ एवढंच.

त्यानंतर मी कॅलेंडर बघून कुणाला सोडलेलं नाही. पुढे 2016 मध्ये नॉर्वे आणि अमेरिकेतल्या डेलावेअरच्या गटाचा अभ्यास आला तेव्हा तो मला माझ्यावरच लिहिल्यासारखा वाटला. वळणा-उड्यांच्या खेळात परतलेल्यांमध्ये, नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं तितकी पुन्हा दुखापत कमी. दर महिन्यामागे सुमारे 51 टक्क्यांनी. आणि ताकदीच्या, उड्यांच्या सगळ्या चाचण्या पास होऊन परतलेल्यांपैकी 5.6 टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली, नापास असूनही परतलेल्यांपैकी 38.2 टक्क्यांना. पास झालेले मुळात फार थोडे होते, त्यामुळे त्या 5.6 वर मी घर बांधणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे. एकंदर अभ्यासांची बेरीज बघितली तर पंचविशीच्या आतले, खेळात परतलेले चार-पाच जणांत एक या प्रमाणात पुन्हा एसीएल तोडून घेतात, याच नाही तर दुसऱ्या पायाचंही.

कारण साधं आहे. बसवलेली शीर पहिल्या दिवशी लिगामेंट नसते. शरीर तिला आधी जुन्या सामानासारखं मोडीत काढतं, मग रक्तवाहिन्या येतात, मग हळूहळू नवीन धागे विणले जातात. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती सर्वांत कमकुवत असते. आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, चालणं सुटलेलं असतं, मित्र म्हणतात ‘झाला की बरा!’ माझ्याकडच्या सगळ्यात जास्त भानगडी याच काळातल्या. कुणी गणपतीत नाचलं, कुणी ओल्या बांधावरून घसरलं.

ऑपरेशननंतरचे टप्पे थोडक्यात. पहिले दोन-तीन आठवडे पुन्हा तेच: सरळ करणं, सूज, मांडी जागी करणं. जखमेच्या बाजूला एक पट्टा बधिर वाटेल, घाबरू नकोस. लेग एक्स्टेन्शन मशीनला (बसून नडगीनं वजन वर उचलायचं ते) बरेच जण वर्षभर हात लावू देत नाहीत. साधारण चौथ्या आठवड्यापासून 90 ते 45 अंशांच्या पट्ट्यात ते करता येतं, आणि त्याशिवाय पुढची मांडी पुरती भरत नाही, असा माझा अनुभव आहे. तीन-चार महिन्यांनी सूज नसेल आणि एका पायावरची अर्धी बैठक न डगमगता होत असेल तर हळू धावणं. मग उड्या, आधी उतरणं शिकायचं, नंतर उडणं. दिशा बदलणं त्याच्याही नंतर.

मॅटवर परतायचा क्रम मी असा ठेवते. एकट्यानं चढाईची पावलं, समोर कुणी नाही. मग समोर उभे पण हात मागे बांधलेले. मग सांगून केलेली पकड, हळू. मग न सांगता. घोट्याची पकड सगळ्यात शेवटी, कारण तिथं पाय जखडला जातो आणि अंग वळतं. तुझी दुखापत झाली तोच हिसका. त्यानंतर सात जणांत पाच मिनिटं, दहा, अर्धा डाव.

त्याआधी माझ्या चाचण्या. पुढच्या मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के, तीही दुसरा पाय ऑपरेशनआधी जेवढा होता त्याच्याशी तुलना करून; कारण वर्षभरात चांगला पायही लुळा पडतो आणि टक्केवारी फुगते. म्हणून आजच डाव्या पायाचे आकडे घेऊन ठेव. एका पायावरची लांब उडी दोन्हीकडे सारखी आली म्हणून फसायचं नाही. लांब उडीत खुबा आणि घोटा गुडघ्याची चोरी झाकतात. वर मारलेल्या एका पायाच्या उडीत ती उघडी पडते. मी उतरताना मोबाइलवर व्हिडिओ काढते आणि पोरांना स्वतःचा गुडघा आत पडताना दाखवते. स्वतः बघितल्यावर वाद संपतो.

आणि भीती. ऑस्ट्रेलियात केट वेबस्टर आणि सहकाऱ्यांनी 12 प्रश्नांची यादी बनवली आहे, खेळात परतायची मनाची तयारी मोजणारी. माझ्याकडे तिचं मी केलेलं मराठी रूप आहे, सहाव्या आणि नवव्या महिन्यात भरून घेते. ताकद पूर्ण आली तरी जो वळताना गुडघ्याकडे बघतो, तो अर्धा सेकंद उशिरा वळतो, आणि चढाईत अर्धा सेकंद म्हणजे पकड. जगभरच्या आकड्यांत ऑपरेशननंतर स्पर्धेच्या पातळीवर परतणारे साधारण 55 टक्केच आहेत. राहिलेल्यांत गुडघा बरा असूनही न परतलेले बरेच असतात. त्यांना कुणी भित्रं म्हणू नये. त्या ‘टक्’ आवाजाची आठवण काय असते ते तुला आता माहीत आहे.

म्हणजे कबड्डीसाठी माझा हिशोब: सहा आठवडे तयारी, ऑपरेशन, नऊ महिन्यांच्या आत सामना नाही, चाचण्या पास होईपर्यंतही नाही. बहुतेकांचं वर्ष जातं. या हंगामाचं नाव संघाच्या यादीतून आजच काढायला सांग, म्हणजे प्रशिक्षक ‘सातव्या महिन्यात बघू’ म्हणणार नाहीत. आणि भरती आधी असेल तर दोन्ही डगरींवर पाय ठेवू नकोस: ऑपरेशनच्या सहा महिन्यांत 100 मीटरला जीव तोडून धावणं मला मान्य नाही.

एमआरआयची सीडी कुरिअर करू का असं विचारलं होतंस. नको, रिपोर्टमधला मजकूर पुरेसा आहे. त्यापेक्षा तीन आठवड्यांनी मला तीन गोष्टी कळव: उपडं झोपल्यावर दोन टाचांमधला फरक सेंटिमीटरमध्ये, पुसल्यावर आतल्या खळग्यात लाट येते की नाही, आणि वाटीच्या वरच्या कडेपासून 10 सेंटिमीटरवर दोन्ही मांड्यांचा घेर. टेप सैल धरू नकोस, आणि मोजायचं काम आईला सांग. तू मोजलंस तर एखादा सेंटिमीटर वाढवून लिहिशील.